खुलासा : नुसतं बुडवून भांडं कोशर होत नाही

मंडळी, आजोबांच्या पेटीतल्या, एका रब्बींनी (यहुदी धर्मगुरूंनी) हाताने लिहिलेल्या पत्राचा फोटो मी टाकला होता. खाली लिहिलं होतं, ‘वापरलेलं भांडंही समुद्रात बुडवलं की कोशर’, म्हणजे यहुदी धर्मनियमांनुसार अन्नासाठी चालणारं. आपल्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी यहुदी, घरांत ते अजून फिरतंय. ते चूक आहे, आणि चूक माझी आहे.

पत्राच्या घडीवर शाई पसरली आहे. तिथला ‘हगाला’ शब्द मला लागलाच नाही, पुढचा ‘तविला’ तेवढा वाचला. भिंगाखाली दोन्ही दिसले.

हगाला म्हणजे भांडं घासून, 24 तास न वापरता ठेवून, उकळत्या पाण्यात घालणं. मुरलेलं अन्न त्यानेच निघतं. थेट विस्तवावरच्या जाळीला तेही पुरत नाही, ती लाल तापवावी लागते.

तविला, म्हणजे पाण्यात बुडवणं, वेगळी. तिचा आधार बायबलच्या गणना पुस्तकातलं 31:23. बिगर-यहुद्याकडून घेतलेलं धातूचं भांडं, अगदी कोरं असलं तरी, मिकव्यात (धार्मिक शुद्धीच्या कुंडात) किंवा समुद्रात बुडवायचं, काचेचंही. नव्या स्टीलच्या डब्यावरचं स्टिकर, त्याचा चिकट डिंकसुद्धा, आधी खरवडून काढायचा.

जुना मजकूर कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तिथे हा खुलासा टाका. जुन्या पातेल्यांचं काय करायचं ते आपल्या रब्बींना विचारा.