बॅटरीच्या भरवशावर गोळी सोडू नका

‘कपाळाला नऊ व्होल्टची बॅटरी जोडा, रोज अर्धा तास बसा, डिप्रेशनच्या गोळ्या कायमच्या बंद!’ हा मेसेज फिरत फिरत माझ्या मावसबहिणीपर्यंत पोचला. गोळी सुरू झाल्यावर आत्ता कुठे ती सावरलीय. ‘थांबवून बघू का गं?’ असं तिने मला विचारलं, आणि माझा संयम संपला.

मेसेज पुढे म्हणतो, ‘गोळ्यांपेक्षा भारी, संशोधनाने सिद्ध.’ कुठलं संशोधन, ते मेसेजमध्ये नाही. मी सांगते. २०१७ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये ब्राझीलमधली चाचणी छापून आली. डिप्रेशनचे २४५ रुग्ण, १० आठवडे. काहींना एस्सिटालोप्रॅम ही डिप्रेशनवरची गोळी, काहींना डोक्यावरून २ मिलिअँपिअरचा करंट (याला टीडीसीएस म्हणतात), काहींना दोन्ही नुसतं नावाला, म्हणजे खोटी गोळी आणि खोटा करंट. आजार मोजायच्या स्केलवर गोळीवाल्यांचा स्कोअर सरासरी ११.३ ने उतरला, करंटवाल्यांचा ९ ने, नावापुरत्या उपचाराचा ५.८ ने. करंटचा काहीच उपयोग नाही असं मी म्हणणार नाही. आकडे समोर आहेत. पण तो गोळीच्या तोडीचा आहे एवढंही ही चाचणी दाखवू शकली नाही, मग ‘भारी’ कुठून आलं? शिवाय करंट घेणाऱ्यांत दोघांना नव्याने मेनिया (डिप्रेशनच्या उलट, बेभान अति-उत्साहाचा आजार) झाला.

आणि गोळी एकदम सोडली की काय होतं? चक्कर येते, झोप उडते, जीव घाबरतो, डोक्यात वीज चमकल्यासारखे झटके बसतात. आजार उलटायची भीती वेगळीच. गोळी कमी करायचीच तर डॉक्टर सांगतील तशी, हळूहळू.

घरच्या बॅटरीचं म्हणाल, तर दवाखान्यातलं यंत्र करंट सावकाश चढवतं, स्थिर ठेवतं, कातडीचा रोध वाढला की थांबतं. बॅटरीला यातलं काही कळत नाही. तारेच्या टोकाचा ओला स्पंज सुकला, उघडी तार कातडीला टेकली की तिथे भाजतं.

‘मोठ्या हॉस्पिटलात हेच करतात.’ नाही. तिथे बहुतेकदा टीएमएस असतं, म्हणजे चुंबकीय कॉइल. १९८५ मध्ये शेफील्डला अँथनी बार्कर यांनी ते पहिल्यांदा दाखवलं. औषधाने फरक न पडलेल्या डिप्रेशनसाठी एफडीएने (अमेरिकेची औषधं-उपकरणांना मंजुरी देणारी सरकारी संस्था) २००८ मध्ये परवानगी दिली. आधी कॉइल डोक्यावर सरकवत पेशंटचा अंगठा कधी उडतो ते बघतात आणि त्यावरून त्या माणसाची मात्रा ठरवतात. मग सुतारपक्षी लाकडावर चोच मारतो तशी टकटक सुरू होते. कानात बोळे घालावे लागतात. हा ‘शॉक’ही नव्हे: भूल नाही, मुद्दाम आणलेली फिट नाही, पेशंट पूर्ण जागा असतो.

याने मुलांचा ऑटिझम ‘बरा होतो’ असंही मेसेजमध्ये आहे. त्याला पुरावा नाही. वाढत्या मेंदूवर घरी प्रयोग करू नका.

‘साइड इफेक्ट शून्य’ हेही खोटं. टीएमएसमध्ये डोकं दुखतं, क्वचित फिट येते. मेंदूत धातूची क्लिप किंवा कानात कॉक्लियर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठी ऑपरेशन करून बसवलेलं यंत्र) असेल, तर कॉइल डोक्याजवळ आणण्याआधी डॉक्टरांना ते कळायलाच हवं. मेसेज पुढे पाठवणाऱ्या एकानेही हे कुणाला विचारलेलं नाही.