हलवायाच्या घरावर तुळशीपत्र कसं ठेवावं

युरोपातलं रशिया-युक्रेन युद्ध मिटवायचं मनात आलं, तर आधी मुदत जाहीर करून टाकावी. 24 तास बरे दिसतात. डोनाल्ड ट्रम्प यांनी प्रचारात तेवढेच मागितले होते. 20 जानेवारी 2025 ला ते पुन्हा अध्यक्ष झाले, 24 तास गेले, आठवडे गेले, आणि पत्रकारांनी आठवण करून दिली तेव्हा म्हणाले, ते मी जरा उपरोधानं बोललो होतो. (आता उपरोधिक लेख लिहिणाऱ्यांनी जावं कुठे?) मुदत टळली की दुसरी द्यावी. त्याच वर्षी जुलैत पुतिन यांना 50 दिवस मिळाले, मग तेच 10-12 दिवसांवर आले, आणि शेवटी शिक्षेऐवजी अलास्काचं आमंत्रण गेलं.

हे सगळं लिहायची उबळ आली ती परवाच्या एका वास्तुशांतीमुळे. पंगतीत शेजारी एक निवृत्त साहेब बसले होते. मसालेभात येईपर्यंत त्यांनी युक्रेनचा क्रिमिया रशियाला देऊन टाकला होता, मठ्ठ्याच्या वाटीबरोबर पूर्वेचा डोन्बासही गेला. "अहो, तेवढा तुकडा टाकायचा तोंडावर आणि मोकळं व्हायचं. त्या झेलेन्स्कीला व्यवहारच कळत नाही." समोरचे दोघे माना डोलवत होते. मला जिलबी नको होती, तर "वाढा हो त्यांना" म्हणून माझा होकारही साहेबांनीच परस्पर देऊन टाकला. एवढा दिलदारपणा सगळ्यांना उपजत नसतो. ज्यांना तो कमवावा लागणार आहे, त्यांच्यासाठी पुढच्या सूचना.

ज्याचं घर वाटायचं आहे त्याला बैठकीला बोलावू नये, तो उगाच मध्ये मध्ये बोलतो. 18 फेब्रुवारी 2025 ला रियाधमध्ये अमेरिका आणि रशिया समोरासमोर बसले, युक्रेनला खुर्ची नव्हती. 15 ऑगस्टला अलास्कातल्या अँकरेजच्या लष्करी तळावर लाल गालिचा अंथरला गेला, ट्रम्प टाळ्या वाजवत उभे राहिले आणि पुतिन त्यांच्याच गाडीत बसून बैठकीला गेले. युक्रेनची मुलं उचलून रशियात नेल्याबद्दल या पाहुण्याच्या नावे आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचं अटक वॉरंट आहे, मार्च 2023 पासून. पण अमेरिका त्या न्यायालयाची सभासदच नाही, त्यामुळे वॉरंट चपलांसारखं दाराबाहेर काढून ठेवता येतं.

घरमालकाला बोलवावंच लागलं तर आधी त्याचे कपडे बघावेत. 28 फेब्रुवारीला युक्रेनचे अध्यक्ष झेलेन्स्की ट्रम्प यांच्या ओव्हल ऑफिसात गेले. एकानं विचारलं, सूट का नाही घातलात? उपाध्यक्ष व्हान्स यांनी विचारलं, एकदा तरी थँक्यू म्हणालात का? यजमानांनी सांगितलं, तुमच्या हातात पत्तेच नाहीत. आणि ठरलेलं जेवणही न घालता वाटेला लावलं. ऑगस्टमध्ये बिचारा काळं जाकीट चढवून आला आणि बसल्या बसल्या थँक्यूची माळ ओढायला लागला. युद्ध काही थांबलं नाही, पण पोशाखाचा प्रश्न तरी मार्गी लागला.

युरोपीय पुढारी असाल तर तीव्र चिंता व्यक्त करावी, आणि रशियाच्या एलएनजीचं, म्हणजे द्रवरूप गॅसचं बिल वेळेवर भरावं.

हमी नेहमी लेखी द्यावी. सोव्हिएत संघ फुटला तेव्हा युक्रेनच्या भूमीवर जगातला तिसऱ्या क्रमांकाचा अण्वस्त्रसाठा उरला होता. तो सोडा, तुमच्या सीमांचा आम्ही मान राखू, असं 1994 साली बुडापेस्टमध्ये रशिया, अमेरिका आणि ब्रिटन यांनी सह्या करून दिलं. युक्रेननं साठा सोडला. 2014 मध्ये क्रिमिया गेला. मग मिन्स्कमध्ये युद्धबंदीचे दोन करार झाले, तेही 2022 च्या फेब्रुवारीत रणगाड्यांखाली गेले. आता याच मंडळींकडून नवी हमी घ्या म्हटलं, तर युक्रेनचे लोक चष्मा लावून एकेक कलम वाचत बसतात. काय हा अविश्वास!

आणि जमिनीबद्दल बोलताना गावांची नावं चुकूनही घेऊ नयेत. नाव घेतलं की माणसं दिसायला लागतात आणि मग हात आखडतो. स्लोव्हियान्स्क आणि क्रामातोर्स्कचंच घ्या. डोन्बासमधल्या डोनेत्स्क प्रांतातली शेजारशेजारची शहरं. एप्रिल 2014 मध्ये रशियाकडून आलेल्या बंदूकधाऱ्यांनी स्लोव्हियान्स्क बळकावलं, जुलैत युक्रेननं ते परत घेतलं आणि तेव्हापासून त्या पट्ट्यात खंदक खणणं, तटबंदी करणं चालू आहे. त्याच्या पश्चिमेला सगळा सपाट मुलूख, फौज अडवायला धड एक टेकडी नाही. नोव्हेंबर 2025 मध्ये 28 कलमांचा जो शांतता-मसुदा बाहेर आला, त्यात काय होतं? डोनेत्स्कचा जो भाग अजून तुमच्याकडे आहे तो सोडून निघून जा, आणि सैन्य 6 लाखांच्या वर ठेवू नका. म्हणजे पावणेचार वर्षं माणसं खपवून रशियाला जे घेता आलं नाही, ते युक्रेननं पानात वाढून द्यायचं! शिवाय एवढ्यानं भूक भागेल, हे कशावरून? 30 सप्टेंबर 2022 ला पुतिन यांनी क्रेमलिनमध्ये समारंभ करून चार प्रांत आपलेसे केले, त्यातलं झापोरिझ्झिया शहर तर तेव्हा त्यांच्या ताब्यातही नव्हतं. खेरसनमध्ये 'रशिया इथे कायमचा' असे फलक लागले होते. नोव्हेंबरमध्ये युक्रेनचं सैन्य शहरात शिरलं, लोक रस्त्यावर येऊन रडत सैनिकांच्या गळ्यात पडले, आणि ते फलक उतरले. तरी खेरसन अजून रशियाच्या राज्यघटनेत आहेच. आणि साहेब म्हणतात, तुकडा! बरं, हेच साहेब पंगतीत बसल्या बसल्या आधी काय सांगत होते? गावाकडे चुलतभावानं हातभर बांध कोरला म्हणून यांनी सरकारी मोजणी आणली, दावा लावला, वकील बदलला, आणि भावाच्या मुलीच्या लग्नालाही गेले नाहीत. "जमिनीचं काही नाही हो, तत्त्वाचा प्रश्न आहे." हातभर बांधाला तत्त्व, आणि लाखो माणसांच्या प्रांताला व्यवहार!

असो. रागावून चालत नाही. सूचना राहिल्यात.

भारतीय असाल तर तटस्थ राहावं. 2 मार्च 2022 ला संयुक्त राष्ट्रांत 141 देशांनी आक्रमणाचा निषेध केला, आपण मत दिलं नाही. समरकंदला मोदींनी पुतिन यांना 'हे युग युद्धाचं नाही' असं ऐकवलं आणि तेल स्वस्त मिळतंय तोवर भरून घेतलं. ते शुद्ध केलेलं डिझेल युरोपनंही आपल्याकडून निमूट घेतलं, म्हणजे सोवळं कोणाचंच नाही. 8 जुलै 2024 ला मॉस्कोत मोदी-पुतिन गळाभेट झाली, त्याच दिवशी कीव्हमधल्या मुलांच्या इस्पितळावर क्षेपणास्त्र पडलं. पुढच्या महिन्यात आपण कीव्हलाही जाऊन आलो, खांद्यावर हात ठेवला. पुढच्या ऑगस्टमध्ये अमेरिकेनं याच तेलापायी आपल्या मालावरचा कर 50 टक्क्यांवर नेला. रशियाचं तेल सगळ्यात जास्त घेणाऱ्या चीनला मात्र तेलाचा दंड झाला नाही, आपल्या सोलापूरच्या टॉवेलवाल्याला झाला. यालाच मोठ्यांचं राजकारण म्हणतात. त्यात आपण कुठे बसतो, हे पंगतीत सांगायचं नसतं, तिथे आपण विश्वगुरू असतो.

पुरे झालं आता. सरळच बोलतो.

16 मार्च 2022. मारिउपोलचं नाट्यगृह. आत शेकडो माणसं आसऱ्याला होती. बाहेर जमिनीवर, पुढे आणि मागे, वरून विमानातून वाचता यावीत एवढ्या मोठ्या पांढऱ्या रशियन अक्षरांत लिहिलं होतं: मुलं. त्यावर बॉम्ब टाकला. वैमानिकाला वाचता येत नव्हतं असं म्हणायचंय का तुम्हाला? ते मारिउपोलही तुमच्या 'तुकड्या'तच येतं साहेब. लढून दमले आणि जमिनीवर पाणी सोडायची वेळ आली, तर तो निर्णय ते लोक घेतील, कारण पोरं त्यांची गेलीत. तुम्ही कोण देणारे? तुमचं काय गेलंय? सूर्यफूल तेल महाग झालं होतं, एवढंच ना?

आणि 'आपल्याला काय त्याचं' हे तर बोलूच नका. खारकीव्हमध्ये 1 मार्च 2022 ला किराणा आणायला रांगेत उभा असलेला कर्नाटकातला मेडिकलचा मुलगा गोळीबारात गेला. तळघरांतून फोन करणाऱ्या आपल्या पोरापोरींना विमानं पाठवून आणलं, तेव्हा तुम्हीच टीव्हीसमोरून हलत नव्हतात. पुढे एजंटांनी मदतनिसाची नोकरी सांगून भारतातली पोरं रशियाला नेली, हातात बंदुका दिल्या आणि आघाडीवर उभी केली. त्यातली काही मेली. त्यांच्या आईबापांच्या दारात जा, आणि डोन्बास देऊन टाकला असता तर बरं झालं असतं, हे तिथे उभं राहून सांगा. आणि परत आलात की पोरांना बंदुका देणारा कोण, त्याचं नाव घेऊन दोन शब्द बोला. पाच तास झेलेन्स्कीच्या सुटावर बोललात, पुतिनबद्दल अजून अवाक्षर निघालेलं नाही तुमच्या तोंडातून.