पाच स्टार दिलात, पण कशासाठी ते लिवा की

गेल्या दिवाळीत आईसाठी ऑनलाइन मिक्सर मागवला. 750 वॅट, तीन जार, रेटिंग चांगलं, रिव्ह्यू तर हजारोंनी. तासभर वाचत बसले होते, "नाइस प्रॉडक्ट", "सुपर", "कलर मस्त", एकाने तर अजून बॉक्स उघडला नाही पण पॅकिंग छान आहे म्हणून पाच स्टार दिलेले. दुसऱ्याने कुरिअरवाला दोन दिवस उशिरा आला म्हणून एक स्टार. त्यात मिक्सरची काय चूक सांगा बघू?

वर्षाची चटणी आम्ही डंकावरच कुटून आणतो, पण मार्चमध्ये आईला वाटलं थोडी संकेश्वरी मिरची नि सुकं खोबरं घरीच फिरवावं. दुसऱ्या खेपेला रबर जळाल्यागत वास आला आणि जार नुसता घुर्रर्र, आत पातं हलेना. कस्टमर केअरला फोन केला तर म्हणे माणूस हुबळीहून येईल. तीन आठवडे "उद्या येतील मॅडम". हजारो रिव्ह्यूत हे एकानेही लिहिलं नव्हतं, आणि मला बेळगावात बसून नेमकं हेच हवं होतं!

शेवटी गल्लीच्या कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याकडे नेला. जार उलटा करून दाखवला, खालच्या कपलरचे, म्हणजे जार मोटरला जोडणाऱ्या चकतीचे, दात पार झिजलेले. दहा मिनिटांत नवीन बसवला, ऐंशी रुपये. वर मलाच विचारतोय, "अक्का, खालचं तांबडं बटण ठाऊक हाय न्हवं?" लोड जास्त झाला की ते बटण सुटतं आणि मिक्सर बंद होतो, मोटर जळू नये म्हणून. गार झाल्यावर दाबलं की परत चालू. लोक बंद पडला म्हणून घेऊन येतात आणि हा नुसतं बटण दाबून परत देतो (पैसे घेत नाही, हे महत्त्वाचं). घरी येऊन ते "दोन दिवसांत डेड" वाले एक स्टार परत वाचले, त्यातले निम्मे तरी याच बटणाचे असणार असं मला वाटायलंय.

मग मीही रिव्ह्यू लिहिला. पाच महिने वापर, घरात चार माणसं, इडलीचं पीठ नि ओली चटणी एक नंबर, सुकं खोबरं एकदम भरू नका, आवाज मोठा, बेळगावात सर्व्हिस नावापुरती. तीन स्टार. बॉक्समध्ये पाच स्टार दिल्यास 100 रुपये परत असं कार्ड होतं, तेही लिहून टाकलं. पैसे देऊन लिहून घेतलेले रिव्ह्यू छापू नयेत असं बीआयएसचं (मानकं ठरवणारी सरकारी संस्था) 2022 चं स्टँडर्ड आहे, आयएस 19000, पण ते आलं तेव्हा पाळायची सक्ती नव्हती, आणि कार्डं येतातच.

परवा खाली कुणीतरी विचारलंय, "खानापूरला सर्व्हिस मिळते का?" लिहिलं, वाट बघू नका, जार घेऊन जवळच्या दुरुस्तीवाल्याकडे जावा, सोबत जार न्यायलाच लागतो, माप बघूनच कपलर मिळतो. आईला वाचून दाखवलं तर म्हणते, "माझी चटणी बिघडल्याली गावभर सांगितलीस होय गं?"