‘म्होरक्या मारला, प्रश्न मिटला’? अहमद जबारीचं प्रकरण नीट बघा

कुठे दहशतवादी हल्ला झाला की आपल्या ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरायला लागतो. सोबत एक चित्रफीत असते: आकाशातून टिपलेला गाझामधला रस्ता, त्यावरून चाललेली एक गाडी, आणि मग स्फोट. खाली मजकूर साधारण असा, की वर्षानुवर्षं बिळात लपलेल्या हमासच्या सेनापतीला इस्रायलनं एका क्षेपणास्त्रात उडवलं, बाकी कुणाला ओरखडाही आला नाही, हमासचं कंबरडं मोडलं आणि रॉकेटं बंद झाली. आपणही हेच करायला हवं, हे शेवटचं वाक्य ठरलेलं. माझ्या शाळेच्या ग्रुपवर तो आला तेव्हा पाच मिनिटांत त्याखाली अंगठ्यांची रांग लागली.

चित्रफीत खरी आहे. ती इस्रायली लष्करानंच 14 नोव्हेंबर 2012 ला यूट्यूबवर टाकली होती, आणि ट्विटरवर लाल रंगाचं पोस्टरही. त्या गाडीत अहमद जबारी होता, हमासच्या कस्साम ब्रिगेड्स या सशस्त्र शाखेचा प्रत्यक्ष कारभार बघणारा माणूस. खालच्या मजकुराचं मात्र तसं नाही.

आधी लपण्याबद्दल. गाझाच्या शुजाइया भागात 1960 साली जन्मलेला हा माणूस विद्यापीठात इतिहास शिकला होता. सुरुवातीला तो फतह या दुसऱ्या पॅलेस्टिनी पक्षात होता. इस्रायलनं त्याला 1982 मध्ये पकडलं आणि तो 13 वर्षं तुरुंगात राहिला. तिथेच हमासच्या लोकांच्या सहवासात त्यानं पक्ष बदलला. कस्सामचा प्रमुख म्हणून नाव मोहम्मद देईफचं, पण देईफ वारंवारच्या हल्ल्यांत जबर जखमी झालेला, त्यामुळे सूत्रं जबारीच्या हातात आली. 2004 मध्ये त्याच्या घरावर झालेल्या हवाई हल्ल्यातून तो स्वतः वाचला. मोठा मुलगा आणि इतर काही नातलग गेले. म्हणजे इस्रायलला त्याचं घरही ठाऊक होतं.

आणि 18 ऑक्टोबर 2011 चं ते दृश्य आठवा. रफाहच्या सीमेवर गिलाद शालित हा इस्रायली सैनिक पाच वर्षांच्या कैदेनंतर बाहेर येतोय. डोक्यावर टोपी, चेहरा ओढलेला, बावरलेला. त्याला सोबत करत चालणारा दाढीवाला माणूस म्हणजे जबारी. जगभरच्या टीव्हीवर हे दिसलं. एका शालितच्या बदल्यात 1027 कैदी सोडवून घेतले गेले, आणि त्या वाटाघाटींत शेवटचा शब्द बऱ्याच अंशी याच माणसाचा होता. तो सापडत नव्हता म्हणून जिवंत होता, हे कसं मानायचं?

‘बाकी कुणाला ओरखडाही आला नाही’ हे वाक्य वाचून मात्र मला राग येतो. गाडीत त्याच्यासोबत असलेला अंगरक्षक त्याच स्फोटात मेला, ते सोडा. जबारीवरचा हल्ला हा एका मोठ्या मोहिमेचा पहिला वार होता. ती आठ दिवस चालली. बेत्सेलेम या इस्रायलमधल्याच मानवाधिकार संघटनेच्या मोजणीप्रमाणे त्यात 167 पॅलेस्टिनी ठार झाले, आणि त्यांतल्या निदान 87 जणांचा लढाईशी काही संबंध नव्हता. 18 नोव्हेंबरला गाझा शहरातल्या एका घरावर बॉम्ब पडला आणि एकाच कुटुंबातली 10 माणसं गेली, शेजारची 2 गेली. इस्रायलच्या बाजूला 6 जण मेले. त्यांतले तिघे किर्यात मलाखीमध्ये राहत्या इमारतीवर रॉकेट पडून, मोहिमेच्या दुसऱ्याच दिवशी. अश्दोद आणि बेरशेबामध्ये भोंगे वाजत होते. या दोन्ही शहरांत आपले मराठी बोलणारे बेने इस्रायल राहतात. कोकणातून गेलेल्या त्या घरांतली म्हातारी माणसं त्या आठवड्यात जिने उतरून आसऱ्याच्या खोल्यांकडे धावत होती. चित्रफीत स्फोटापाशी संपते, म्हणून पुढचं आपल्याला दिसत नाही.

कंबरडं मोडल्याचा दावा तर तारखांपुढे टिकतच नाही. जबारी मेला त्याच्या दुसऱ्या दिवशी तेल अवीवच्या दिशेनं रॉकेटं सुटली; 1991 च्या आखाती युद्धानंतर असं पहिल्यांदाच घडत होतं. तिसऱ्या दिवशी जेरुसलेममध्ये भोंगे वाजले. दीड वर्षानं, 2014 च्या 50 दिवसांच्या युद्धात, हमासनं आणखी लांब पल्ल्याचं रॉकेट काढलं आणि त्याचं नाव ठेवलं जे-80. त्यातला ‘जे’ जबारीचा.

हे पहिल्यांदा घडत होतं असंही नाही. हमाससाठी बॉम्ब बनवणारा याह्या अय्याश जानेवारी 1996 मध्ये मोबाइलमध्ये दडवलेल्या स्फोटकानं मारला गेला, आणि पुढच्या दोन महिन्यांत जेरुसलेम आणि तेल अवीवमध्ये आत्मघाती स्फोटांची मालिका झाली. कस्सामचा तेव्हाचा प्रमुख सलाह शहादेवर जुलै 2002 मध्ये एक टनाचा बॉम्ब टाकला, त्यात डझनाहून अधिक सामान्य माणसं मेली, लहान मुलांसकट; त्याच्या जागी देईफ आला. मार्च 2004 मध्ये हमासचा संस्थापक शेख यासीन मारला गेला, एप्रिलमध्ये त्याच्या जागी आलेला रंतीसी. दोन वर्षांच्या आत, जानेवारी 2006 मध्ये, हमास निवडणूक जिंकली होती. 7 ऑक्टोबर 2023 ला सुमारे 1200 माणसं मारली गेली आणि 251 जणांना ओलीस नेलं, तेव्हा कस्सामच्या प्रमुखपदी देईफच होता. त्या हल्ल्यामागचा दुसरा मोठा माणूस, याह्या सिनवार, शालितच्या बदल्यात सुटलेल्या त्या 1027 पैकी एक.

याच्या उलट बाजूचाही एक मेसेज फिरतो, की इस्रायलनं एका शांतिदूताची हत्या केली. तोही मला मान्य नाही. शालितला पाच वर्षं डांबून ठेवलं आणि रेड क्रॉसला एकदाही भेटू दिलं नाही. जून 2007 मध्ये हमासनं गाझा ताब्यात घेतलं तेव्हा पॅलेस्टिनी माणसांनीच पॅलेस्टिनी माणसांना गच्चीवरून खाली फेकलं. त्या फौजेचा कारभारी शांतिदूत नसतो. त्याच्या मरणाचं मला दुःख नाही.

पण या दुसऱ्या मेसेजच्या मुळाशी एक खरी गोष्ट आहे आणि ती सोडून चालणार नाही. गेर्शोन बास्किन या इस्रायली मध्यस्थानं शालितच्या सुटकेसाठी हमासच्या लोकांशी पडद्याआडून बोलणी केली होती. नंतर त्याच वाटेनं तो दीर्घ मुदतीच्या युद्धबंदीचा मसुदा तयार करत होता. हल्ल्यानंतर त्यानं जाहीरपणे लिहिलं, की मारला जाण्याच्या काही तास आधी तो मसुदा जबारीपर्यंत पोचला होता. जबारी लढाईचा मार्ग सोडणार नव्हता, हेही बास्किननंच सांगितलं. त्याचं म्हणणं एवढंच, की रॉकेटं थांबवायला हा माणूस तयार झाला होता, आणि त्याचा हुकूम गाझामध्ये चालत होता. तो मसुदा टिकला असता की नाही, यावर मी पैज लावणार नाही. पण हुकूम चालणारा माणूस समोर असणं ही युद्धबंदीची पहिली अट असते, हे मला पटतं.

राहिला शेवटचा दावा: रॉकेटं बंद झाली. यात तथ्य आहे. 2013 हे रॉकेटांच्या बाबतीत कित्येक वर्षांतलं सर्वांत शांत वर्ष होतं. मेसेज पाठवणाऱ्यांचा हा सर्वांत भक्कम मुद्दा आहे, म्हणून ती शांतता कधीपासून सुरू झाली ते बघावं लागतं. ती 14 नोव्हेंबरपासून नाही, 21 नोव्हेंबरपासून सुरू झाली. मधल्या आठ दिवसांत इस्रायलवर चौदाशेहून अधिक रॉकेटं सुटली. 21 च्या रात्री कैरोमध्ये इजिप्तच्या परराष्ट्रमंत्र्यांनी हिलरी क्लिंटन शेजारी उभ्या असताना युद्धबंदी जाहीर केली. तिच्या मजकुरात पॅलेस्टिनी गटांनी गाझातून होणारे सगळे हल्ले, रॉकेटं धरून, थांबवायचे होते. इस्रायलनं जमिनीवरून, समुद्रातून आणि आकाशातून होणारी कारवाई थांबवायची होती, आणि त्यातच नेमकेपणानं लिहिलं होतं: व्यक्तींना लक्ष्य करणंही.

बास्किनचा मसुदा जबारीपर्यंत पोचणं आणि कैरोत तो मजकूर जाहीर होणं, यांत जेमतेम आठवड्याचं अंतर आहे. 167 आणि 6 हे आकडे त्याच आठवड्यातले.