सांगलीचे शेठ आणि स्टुटगार्टमधली कुकी

गेल्या महिन्यात आमच्या घरच्या व्हॉट्सॲप गटावर सांगलीच्या मावसभावाने एक मत मांडले आणि ते अजून माझ्या मनातून जात नाही. भारताच्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये अधिसूचित झाले, त्यावरून विषय निघाला होता. त्याने लिहिले, "ताई, तुमच्या युरोपातली ती कुकीच्या परवानगीची पाटी आमच्याकडे नको. लोक न वाचताच 'ओके' दाबणार आणि माझं गिऱ्हाईक मात्र तुटणार. आपले शेठसुद्धा कोण काय नेतं ते लक्षात ठेवतातच की. वेबसाइटनं ठेवलं तर कुठं बिघडलं?" ही पाटी म्हणजे संकेतस्थळ उघडताच, तुमची ओळख लक्षात ठेवू का, असे विचारणारी चौकट. त्याचे ठिबक सिंचनाच्या साहित्याचे दुकान आहे आणि बरीच गिऱ्हाइके ऑनलाइन जाहिरातींतून येतात, म्हणून त्याचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही.

शेठ म्हणजे आमच्या कोपऱ्यावरचे किराणा दुकानदार. आईने मुगाची डाळ आणि तांदळाची कणी एकदम मागितली की पुडी बांधता बांधता ते विचारत, "वहिनी, घरात कोण आजारी आहे?" आणि संध्याकाळी दुकानातला मुलगा मोसंबी घेऊन दारात उभा राहत असे.

मूळची कुकी अशाच आठवणीसाठी जन्माला आली, हे मावसभावाच्या बाजूने मी मान्य करते. वेबला स्वतःचे स्मरण नसते. एका पानावरून दुसऱ्या पानावर गेलात की तुम्ही पुन्हा अनोळखी. १९९४मध्ये नेटस्केपमधल्या लू माँटुली या तरुण अभियंत्याने त्यावर उपाय काढला. संकेतस्थळाने आपली एक छोटी चिठ्ठी तुमच्या ब्राउझरमध्ये ठेवायची आणि पुढच्या वेळी ती वाचून तुम्हाला ओळखायचे. खरेदीच्या पिशवीतल्या वस्तू लक्षात राहाव्यात, हा एक मुख्य हेतू होता. अडचण तिथे नाही. एका पानावर जाहिरातींच्या चौकटी, डोळ्यांना न दिसणारी चित्रे, 'लाइक'ची बटणे असे अनेक तुकडे दुसऱ्याच कंपन्यांकडून येतात आणि त्याही आपापल्या चिठ्ठ्या ठेवतात. तीच कंपनी हजारो संकेतस्थळांवर असली, तर सांगलीच्या गणपती पेठेतल्या प्रत्येक दुकानात एकच परका माणूस वही घेऊन उभा राहावा तसे होते. शेठ तसे कधीच नव्हते.

दोन वर्षांपूर्वी बाबांना अर्धांगाचा झटका आला. मी राहते त्या जर्मनीतल्या स्टुटगार्टमध्ये रात्री दोन वाजता मी चाकाची खुर्ची, मोठ्या माणसांचे डायपर, घरी येणारी परिचारिका असे सगळे शोधत होते. समोर आलेली प्रत्येक पाटी 'सर्व स्वीकारा' म्हणून मी दूर सारली, कारण त्या रात्री वाचायला माझ्याकडे धीर नव्हता. पुढचे अनेक आठवडे हवामानाच्या पानावर, पाककृतींशेजारी, मराठी बातम्यांच्या मधोमध त्याच वस्तू दिसत राहिल्या. एकदा दुपारी शेजारच्या सहकाऱ्याला माझ्या पडद्यावर त्या डायपरची जाहिरात दिसली. त्याने नजर वळवली आणि काहीही विचारले नाही. कार्यालयात मी कोणालाच काही सांगितले नव्हते.

म्हणूनच "कुठं बिघडलं?" हा प्रश्न मला झोंबतो. पाटीचा वैताग इथेही आहे, पण तो कायद्यापेक्षा कंपन्यांनी जास्त वाढवला आहे. युरोपीय संघाच्या न्यायालयाने ऑक्टोबर २०१९मध्ये, जर्मनीतल्याच एका ऑनलाइन सोडतीच्या खटल्यात, आधीच टिचकी मारून ठेवलेली चौकट म्हणजे संमती नव्हे, असा निर्णय दिला. जानेवारी २०२२मध्ये फ्रान्सच्या माहिती-संरक्षण नियामकाने गूगलला १५ कोटी आणि फेसबुकला ६ कोटी युरोंचा दंड जाहीर केला, कारण स्वीकारायला एक कळ पुरत होती आणि नकार द्यायला अनेक. इथली कित्येक वृत्तपत्रे आता दरमहा पैसे भरा किंवा माग काढू द्या असे सांगतात, ते मला पटत नाही. पण निदान प्रश्न तरी विचारला जातो.

आणि आपला कायदा काही मागासलेला नाही. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २०१७मध्येच एकमताने सांगितले. २०२३च्या कायद्यात 'कुकी' हा शब्द नाही, परंतु संमती मुक्त आणि माहितीपूर्ण असावी, ती देणे जितके सोपे तितकेच मागे घेणेही सोपे असावे, आणि सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषांत, म्हणजे मराठीतही, वाचण्याची सोय असावी, हे त्यात स्पष्ट आहे. जर्मनीत अकरा वर्षे राहूनही मला या पाट्या माझ्या भाषेत मिळत नाहीत, जर्मनमध्येच वाचाव्या लागतात. आईला तिच्या भाषेत विचारले जाण्याची तरतूद झाली असताना तिच्याच भाच्याने ती नको म्हणावे, याचे मला वाईट वाटते.

गेल्या दिवाळीत घरी असताना, इथे मला परवानगी विचारणारे एक मराठी संकेतस्थळ मी आईच्या फोनवर उघडले. तिला त्याने काहीच विचारले नाही. मग क्रोममधले तीन ठिपके, सेटिंग्ज, गोपनीयता आणि सुरक्षा असे करत मी तिथल्या थर्ड-पार्टी, म्हणजे दुसऱ्याच कंपन्यांच्या, कुकीज बंद केल्या. ॲपलचा सफारी ब्राउझर २०२०पासून हे आपणहून करतो. क्रोमने त्या हटवण्याचे जाहीर करून नंतर माघार घेतली, त्यामुळे ते आपल्यालाच करावे लागते. ॲप कुकीवर फारसे अवलंबून नसतात, म्हणून जाहिरातदार ज्याने फोन ओळखतात तो जाहिरात आयडीही पुसला. आईने एवढेच विचारले, "पण माझा पेपर उघडेल ना?" उघडला.

मावसभावाला मी लिहिले की ठिबकच्या नळ्यांची जाहिरात द्राक्षबागेवरच्या लेखाशेजारी लावता येते; त्यासाठी शेतकऱ्याच्या मागोमाग त्याच्या दवाखान्यापर्यंत जावे लागत नाही. त्यावर त्याचे उत्तर आले, "तुला तिथं बसून बोलायला काय जातं?"

ते मला लागले, कारण त्यात तथ्य आहे. इथे मी खरेदीची नोंद ठेवून गुण देणारे पेबॅक कार्ड घेतलेले नाही, शनिवारी रिकाम्या बाटल्या परत करून रोख पैसे देते, आणि अकरा वर्षांत मी सामान घेते त्या दुकानात मला कोणी ओळखून हाक मारलेली नाही. हा खासगीपणा मी निवडला की तो दूर राहिल्याने आपसूक वाट्याला आला, हे मला खात्रीने सांगता येत नाही. त्याच दिवाळीत मी शेठकडे मुगाची डाळ आणि तांदळाची कणी आणायला गेले होते. ते आता थकले आहेत. पुडी बांधता बांधता त्यांचा हात थांबला. "बाबांना परत त्रास व्हायला लागला काय गं?" त्यांनी विचारले. आणि स्टुटगार्टमध्ये दोन वर्षे कोणालाही न सांगितलेले सगळे मी दुकानाच्या पायरीवर बसून त्यांना सांगितले.