स्वयंसेवक शिकतील, समन्वयकाला कोण शिकवणार?

नाशिकच्या सिंहस्थ कुंभमेळ्यासाठी स्वयंसेवक कसे तयार करायचे, हे तुमच्या लेखात छान मांडलंय. पण त्यांना सांभाळणाऱ्या समन्वयकाबद्दल एक ओळही नाही, हे खटकलं. पर्वणीला, म्हणजे मुख्य स्नानाच्या दिवशी, पहाटे रामकुंडावर कोण कुठे उभं राहणार, कुणाला कधी मोकळं करायचं, एनएसएसची (राष्ट्रीय सेवा योजनेची) पोरं उपाशी तर नाहीत ना, पोलिसांचा बदललेला निरोप शेवटच्या बॅरिकेडपर्यंत कसा पोचवायचा, सगळं त्याच्याच डोक्यावर. आणि तो बहुतेकदा कॉलेजातला एखादा प्राध्यापक, नाहीतर 'हा करेल' म्हणून पुढे केलेला कार्यकर्ता. २००३ च्या सिंहस्थातल्या चेंगराचेंगरीत ३९ भाविक गेले. गर्दीत निरोप वेळेवर पोचण्याची किंमत नाशिककरांना नव्याने सांगायला नको.

समन्वयकाच्या या कामाचं रीतसर शिक्षण असतं. परदेशात त्याची परीक्षा आणि प्रमाणपत्रही आहे. आपल्याकडे निदान पंचवटी, तपोवन, त्र्यंबकच्या समन्वयकांची महिन्याला एक बैठक तरी सुरू व्हावी. २०१५ च्या सिंहस्थात घाटावर राबलेल्यांना तिथे आवर्जून बोलवा. आणि कृपा करून त्या बैठकीचा प्रवासखर्च समन्वयकाच्या खिशातून जाऊ देऊ नका.