लग्न लेकीचं, हात माझे

पूर्वी वस्तू जुनी करायला कुणाला काही करावं लागत नसे. ती ठेवून द्यायची, बाकीचं काळ बघून घ्यायचा. आमच्याकडे तेवढी सवड नव्हती, कारण हॉल बुक झाला होता. तेव्हा काळाचं काम माझ्याकडे आलं.

लेकीने जाहीर केलं की तिला साधं, घरगुती, हाताने केलेलं, विंटेज लग्न हवं. पहिले दोन शब्द ऐकून मी खूश झालो. पुढचे ऐकून बायको हळूच उठून आत गेली. तिला अनुभव जास्त.

जुन्या वस्तूंच्या धंद्यातली माणसं साधारण वीस वर्षांपुढच्या वस्तूला विंटेज म्हणतात आणि शंभरीपुढच्या वस्तूला अँटिक. या हिशेबाने माझे निम्मे शर्ट विंटेज भरतात. पण ते अंगावर असताना 'बाबा, हा टाकून दे ना आता' याखेरीज त्यांच्या वाट्याला काही आलं नाही. माझ्यासकट सगळ्या जुन्या गोष्टी घरात होत्याच, पण लेकीला हवं होतं ते जुनं दिसणारं नवं.

सुरुवात पत्रिकेपासून. आधी चांगला पांढराशुभ्र कागद विकत आणायचा आणि मग तो खराब करायचा, अशी ही कला आहे. बिनदुधाचा कडक चहा परातीत ओतायचा आणि एकेक कागद त्यात निजवायचा. चहातलं टॅनिन कागदाच्या धाग्यांत उतरतं आणि कागद पिवळट तपकिरी होतो. हे ऐकायला पाच मिनिटांचं काम. पण भिजलेला कागद उचलताना कोपरा हातात येतो आणि कागद परातीतच राहतो. दोरीवर वाळत घातला तर चिमट्याचे वळ उठतात. वर्तमानपत्रावर पसरला तर बातम्या चिकटतात. एका पत्रिकेच्या पाठीवर शेअरबाजाराचे भाव उलटे उमटले. लेक म्हणाली, "बाबा, कसलं भारी! हे मुद्दाम करून जमलं नसतं." मग सुकलेले कागद पापडासारखे वळले, म्हणून मी त्यांना इस्त्री करायला बसलो. पलंग, सोफा, टेबल सगळं पत्रिकांनी व्यापलेलं, त्यामुळे आम्ही उभ्याने जेवत होतो. त्या दिवसांत बायकोने "अहो, चहा ठेवू का?" विचारलं की मी विचारायचो, "प्यायला, की बुडवायला?"

मजकूर अर्थात टाइपरायटरवर हवा होता. माझा जुना टाइपरायटर माळ्यावरून उतरला. देवनागरी टाइपरायटरला कळा मोजक्या, अक्षरं फार. म्हणून ख, ण, ध, भ, श अशी काही अक्षरं त्यात अर्धीच असतात, पुढे काना मारला की ती पुरी होतात. आमच्या यंत्राचा नेमका काना रुसलेला. 'शुभविवाह' या एका शब्दाला तीन काने लागतात. ते उमटले नाहीत की लग्न अर्ध्यावर मोडल्यासारखं दिसतं. दुरुस्त करणारा माणूस शोधेपर्यंत पहिलं मूल झालं असतं, तेव्हा प्रत्येक काना मी शाईच्या पेनाने काढला. चहा प्यायलेल्या कागदावर शाई अशी पसरते की काही काने वेलांट्या झाले.

मग लिफाफ्यावर लाखेचा शिक्का. गरम लाखेवर ठसा दाबला की तो तिथेच बसतो, उठायला तयार नाही, म्हणून मधेमधे त्याला बर्फावर थंड करावं लागतं. एका हाताशी ज्योत, दुसऱ्या हाताशी बर्फ, असा मी बसलेलो असताना जावईबापूंचा व्हिडिओ कॉल आला. म्हणाले, "बाबा, तुम्ही हे सगळं एन्जॉय करताय ना?" त्यांच्याकडे फक्त प्लेलिस्टचं खातं होतं.

एवढं करून पत्रिका पोचल्या आणि पहिला फोन आला तो माझ्या आत्याचा. "अरे, पत्रिका मिळाली. पण पोस्टात भिजलेली दिसते. एखादी चांगली असेल तर पाठव."

लेसचं सांगायला हवं. विंटेज लग्नाच्या चित्रांत जिकडेतिकडे पांढरी लेस असते, आणि तिचं बरंचसं श्रेय व्हिक्टोरिया राणीला जातं. १० फेब्रुवारी १८४० रोजी ती पांढऱ्या पोशाखात, होनिटन लेस लावून लग्नाला उभी राहिली आणि पुढे ती फॅशन जगभर पसरली. त्या लेसची नक्षी हाताने विणलेली. फक्त हात राणीचे नव्हते, इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातल्या विणकर बायांचे होते. हे मी लेकीला मुद्दाम सांगितलं. "बघ ना बाबा, म्हणजे परंपरा तीच आहे," असं म्हणून तिने माझ्या हातात क्रेप कागदाची गुंडाळी दिली. फुलं करायची होती. क्रेप कागद एकाच दिशेने ताणला जातो. आडवा-उभा न बघता कापला तर पाकळी फुगत नाही, नुसती पट्टी राहते. बायकोची फुलं गुलाबासारखी झाली. माझी बघून पाहुणे 'ही कोबी का लावलीय?' असं विचारणार, हे तिने आधीच सांगून ठेवलं.

सजावटीला लागणाऱ्या काचेच्या बरण्यांबद्दल एवढंच सांगतो, की त्या रिकाम्या व्हाव्यात म्हणून घराने जॅम खाल्ला आणि अजून कुणी त्याचं नाव काढत नाही.

फोटो सेपियात, म्हणजे जुन्या तपकिरी छटेत. जुन्या काळी फोटोला ही छटा देत, ती तो टिकावा म्हणून. त्यातल्या चांदीचं सल्फाइड झालं की चित्र लवकर विटत नसे. आम्ही आजचा फोटो आजच विटलेला दिसावा म्हणून फोटोग्राफरला जादा पैसे दिले.

आणि मग खुद्द समारंभात ग्रामोफोन. जावईबापूंची प्लेलिस्ट म्हणजे एक पेटीभर तबकड्या निघाल्या. दहा इंची तबकडीची एक बाजू जेमतेम तीन मिनिटं वाजते. तेवढ्यात हँडल फिरवून स्प्रिंग भरायची, तबकडी उलटायची, आणि पोलादी सुई दर बाजूला बदलायची, नाहीतर तबकडी घासते. जावईबापू बोहल्यावर अडकलेले, तेव्हा ऑपरेटर मी. कुणाला "या, बसा" म्हणेपर्यंत गाण्याचा आवाज रडवेला व्हायचा आणि मी धावायचो. मुलीचे वडील दिसत नाहीत, अशी कुजबुज सुरू झाली. कुणीतरी मला येऊन विचारलंसुद्धा, "दादा, मुलीचे वडील कोणते हो?" मी सुई बदलत होतो. म्हटलं, "असतील इथेच कुठेतरी."

सगळ्यांना लग्न फार आवडलं. किती साधं, किती घरगुती, असं जो तो म्हणत होता. काही जणांनी लेकीला बाजूला घेऊन हे सगळं कुठल्या इव्हेंट कंपनीने केलं ते विचारलं, आणि तिने हसत हसत माझा नंबर दिला.

काल एक फोन आला. पलीकडच्या बाईंनी पत्रिका, शिक्के आणि ग्रामोफोन ऑपरेटरसकट असा दर मागितला. मी नाही म्हणायला तोंड उघडणार, तोच आतून बायको ओरडली, "अहो, फुलांचे वेगळे सांगा! आणि फुलं मी करणार म्हणावं!"